चिपच्या तापावर नॅनोकणांचा उतारा

दिव्याकडून आलेली कंटेनरची लांबलचक मालगाडी ठाकुर्ली स्टेशन ओलांडून कल्याणकडे निघते, तेव्हा फलाटावर गप्पा मारणाऱ्यांना क्षणभर थांबावेच लागते. डब्यांचा खडखडाट नंतर येतो. आधी येतो तो इंजिनाचा घोंघावणारा आवाज. तो मोटरींचा असावा असे बहुतेकांना वाटते, पण त्यातला मोठा वाटा ब्लोअरांचा असतो. डब्ल्यूएजी-९ जातीच्या इंजिनाची ताकद सहा हजार अश्वशक्तीहून जास्त, म्हणजे सुमारे साडेचार हजार किलोवॉट. एवढी वीज वरच्या तारेतून उतरते, ट्रान्सफॉर्मरमधून जाते आणि मग कन्व्हर्टरमधल्या इलेक्ट्रॉनिक स्विचांतून मोटरींपर्यंत पोहोचते. वाटेत एक टक्का जरी वाया गेली, तरी पंचेचाळीस किलोवॉट उष्णता लोखंडी पेटीत कोंडते. ती बाहेर काढायला आत तेल खेळवावे लागते, तेल गार करायला रेडिएटर लागतो आणि रेडिएटरवर वारा मारायला ब्लोअर.

कल्याणच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये अशा इंजिनांची देखभाल होते. ट्रान्सफॉर्मर आणि कन्व्हर्टर यांच्यासाठी तेलाचे वेगवेगळे फेरे असतात. दोन्हींचा दाब, तापमान आणि पातळी पाहिल्याशिवाय इंजिन शेडबाहेर पडत नाही. कसारा घाटात दर ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे. तिथे गाडीचा वेग कमी आणि ओढ जास्त असते, त्यामुळे स्विच तापतात ते अशाच ठिकाणी. धावत्या गाडीला मिळणारा वाराही तेव्हा फारसा नसतो. आयजीबीटी जातीचे स्विच असलेल्या नव्या कन्व्हर्टरांपैकी अनेकांत तेलाऐवजी पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण वापरतात. द्रव बदलला तरी त्याचे काम तेच राहते: सिलिकॉनच्या तुकड्याखालून उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची.

हे काम ठाकुर्लीला नवे नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईतली पहिली विजेची गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसवरून कुर्ल्याला गेली. त्यानंतर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने मुख्य मार्गाच्या विद्युतीकरणासाठी १९२९ च्या सुमारास ठाकुर्लीत कोळशावर चालणारे चोळा पॉवर हाऊस उभारले. उल्हासची खाडी जवळ असलेली ही जागा अशा कामाला सोयीची होती, कारण वाफेच्या टर्बाइनला कोळशाइतकीच पाण्याचीही गरज असते. जळणाऱ्या कोळशातली निम्म्याहून बरीच जास्त उष्णता विजेत उतरत नाही. वाफेचे पुन्हा पाणी करताना ती कंडेन्सरमध्ये सोडून द्यावी लागते. ते वीजघर बंद पडून बरीच वर्षे झाली. मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांवरचा १५०० व्होल्टचा डीसी प्रवाहही २०१६ पर्यंत गेला आणि सगळीकडे २५ हजार व्होल्टचा एसी आला. उष्णतेची कटकट मात्र राहिली. पूर्वी ती एका मोठ्या इमारतीत होती. आता ती डब्याखालच्या पेटीत, मोबाइल टॉवरच्या खोक्यात आणि खिशातल्या फोनमध्ये विखुरली आहे.

शिळफाटा–महापे रस्त्याने रोज कामाला जाणाऱ्या डोंबिवली-ठाकुर्लीकरांना तिचे आणखी एक रूप दिसते. ऐरोली, रबाळे आणि महापे या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या, खिडक्या नसलेल्या भल्यामोठ्या इमारती म्हणजे डेटा सेंटर. त्यांच्या गच्चीवर आणि मागच्या अंगाला शीतकरणाची यंत्रे दाटीने बसवलेली असतात. आत येणाऱ्या विजेपैकी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते, कारण गणन हे काम असे आहे की ते उरकल्यावर ऊर्जेला दुसरीकडे जायला वाट नसते.

चिपच्या पातळीवर हे प्रमाण किती वाढले आहे ते पाहण्यासारखे आहे. १९७१ मध्ये आलेला इंटेल ४००४ हा पहिला व्यापारी मायक्रोप्रोसेसर एक वॉटही खात नव्हता. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठी वापरला जाणारा एन्व्हिडियाचा एच१०० सातशे वॉटपर्यंत वीज घेतो, आणि त्यातला मुख्य सिलिकॉनचा तुकडा जेमतेम आठ चौरस सेंटिमीटरचा आहे. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ऐंशीहून जास्त वॉट. घरातल्या हजार वॉटच्या इस्त्रीच्या तळाशी हेच प्रमाण सुमारे पाच वॉट पडते, आणि त्या इस्त्रीने सुती कापड करपते. चिपला मात्र शंभर अंशांच्या आतच राहावे लागते. सिलिकॉन त्याहून जास्त तापले की विजेची गळती वाढते आणि वेग कमी करावा लागतो. तापणे आणि निवणे सारखे चालू राहिले, तर चिपच्या खालचा सोल्डर थकून त्याला भेगा पडतात. रेल्वेच्या कन्व्हर्टरांमधले स्विच अनेकदा याच थकव्याने मरतात.

वाऱ्याने एवढी उष्णता निघत नाही, म्हणून पुन्हा द्रवांकडे वळावे लागले. हा विचार जुनाच आहे. १९८१ मध्ये स्टॅनफर्डच्या टकरमन आणि पीज यांनी सिलिकॉनमध्ये ५० मायक्रोमीटर रुंदीच्या बारीक चरी कोरल्या आणि त्यांतून पाणी खेळवले. दर चौरस सेंटिमीटरला ७९० वॉट उष्णता काढूनही तापमान ७१ अंशांनीच वाढले. १९८५ चा क्रे-२ हा महासंगणक तर आख्खा फ्लोरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवलेला होता. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ पासून चालणाऱ्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकातही द्रव थेट प्रोसेसरवरच्या पट्टीपर्यंत नेला आहे. पाश्चात्त्यांनी सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिल्यावर सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ बांधला. त्या परंपरेतल्या यंत्राला पुढच्या पिढीत पाण्याचे नळ जोडावे लागले, ही गोष्ट या क्षेत्रातल्या बदलाबद्दल बरेच काही सांगते.

मग प्रश्न उभा राहतो तो द्रवाचाच. उष्णता किती सहज पुढे सरकते याचे एक माप आहे, उष्णतावाहकता. तांब्याचा आकडा सुमारे ४००, अॅल्युमिनियम ऑक्साइडचा तीस-चाळीस, पाण्याचा ०.६, ग्लायकॉलचा ०.२५ आणि ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा ०.१३. पंप कितीही जोरात चालवा, भिंतीला चिकटलेला द्रवाचा पातळ थर जवळपास उभाच असतो. चिपमधली उष्णता तो थर ओलांडूनच वाहत्या धारेत मिसळते, आणि ते ओलांडणे द्रवाच्या वाहकतेवर ठरते. तांबे आणि पाणी यांच्या आकड्यांत जवळपास सातशे पटींचे अंतर आहे. तेव्हा पाण्यातच थोडे तांबे मिसळले तर? ही कल्पना जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या १८७३ च्या ग्रंथाइतकी जुनी आहे. कणांच्या मिश्रणाची वाहकता कशी काढायची याचे सूत्र त्यांनीच दिले.

कागदावर सोपी असलेली ही गोष्ट नळीत गेली की फसायची. मिलिमीटरचे किंवा अगदी मायक्रोमीटरचे कण असले तरी ते तळाशी बसतात, पंपाच्या पात्या घासून काढतात आणि बारीक चरी तुंबवतात. १९९५ मध्ये अमेरिकेच्या अर्गोन नॅशनल लॅबोरेटरीतले स्टीफन चोई यांनी सुचवले की कणच नॅनोमीटरच्या मापाचे घ्यावेत. केसाची जाडी साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर असते आणि हे कण असतात दहा ते शंभर नॅनोमीटरचे. द्रवात कण खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो. मायक्रोमीटरच्या ऐवजी ५० नॅनोमीटरचा कण घेतला की तो चारशे पट हळू बसतो, आणि भोवतालच्या रेणूंच्या सततच्या धक्क्यांमुळे पुन्हा वर ढकलला जातो. अशा मिश्रणाला चोई यांनी नॅनोफ्लुइड हे नाव दिले आणि तेच रुळले.

पुढची दहा वर्षे या विषयाने संशोधकांना झपाटून टाकले, आणि त्यात भारताचा वाटा मोठा होता. २००१ मध्ये अर्गोनच्याच गटाने जाहीर केले की ग्लायकॉलमध्ये घनफळाच्या अवघ्या ०.३ टक्के तांब्याचे नॅनोकण टाकल्यावर वाहकता ४० टक्क्यांपर्यंत वाढली. मॅक्सवेलच्या सूत्राने तिथे एखादा टक्काच वाढ अपेक्षित होती. २००३ मध्ये आयआयटी मद्रासच्या सरित कुमार दास आणि सहकाऱ्यांनी पाण्यात चार टक्के अॅल्युमिना मिसळून मोजमाप केले. २१ अंशांना ९.४ टक्के असलेली वाढ ५१ अंशांना २४.३ टक्क्यांवर गेली. जितका ताप जास्त तितका द्रव चांगला! इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना याहून गोड बातमी कोणती असणार? जगभर शोधनिबंधांचा पूर आला. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतही एम.टेक.च्या प्रबंधांसाठी हा हमखास विषय झाला.

पण आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. तोच कण, तोच द्रव, तेच प्रमाण घेऊन एका प्रयोगशाळेला चाळीस टक्के वाढ मिळायची आणि दुसरीला चार. नवनव्या यंत्रणा सुचवल्या गेल्या: कण नाचताना द्रव ढवळतात, कणांभोवती द्रवाचे शिस्तबद्ध थर तयार होतात, आणखी बरेच काही. अखेर एमआयटीच्या याकोपो बुओंजोर्नो यांच्या पुढाकाराने एक साधी पण फार मोलाची गोष्ट झाली. एकाच साठ्यातले नमुने तीसहून जास्त संस्थांना पाठवले गेले. प्रत्येकीने आपापल्या पद्धतीने मोजायचे आणि आकडे एकत्र करायचे. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. बहुतेकांची मापे सरासरीच्या दहा टक्क्यांच्या आत आली आणि ती जुन्या सूत्राशी जुळली. तपासलेल्या नमुन्यांत चमत्कारिक वाढ कुठेच सापडली नाही.

हा निकाल नॅनोफ्लुइडचा पराभव मानणे चुकीचे ठरेल. विज्ञान आपल्याच उत्साहाची तपासणी कशी करते याचे इतके स्वच्छ उदाहरण अलीकडच्या काळात विरळाच आढळते. शिवाय त्यातून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट झाली. गोल, सुटे, नीट विखुरलेले कण असतील तर दर एक टक्का घनफळामागे वाहकता सुमारे तीन टक्के वाढते. कण तांब्याचा आहे की हिऱ्याचा, याने त्यात फारसा फरक पडत नाही, कारण एका कणातून दुसऱ्या कणापर्यंत जाताना उष्णतेला मधला द्रव ओलांडावाच लागतो आणि खोळंबा तिथे होतो. जास्त वाढ हवी असेल तर कणांनी एकमेकांना धरून लांब साखळ्या केल्या पाहिजेत. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात जॉन फिलिप यांच्या गटाने २००७ मध्ये नेमके हेच दाखवले. चुंबकी मॅग्नेटाइटचे कण घातलेल्या द्रवाला चुंबकीय क्षेत्रात ठेवल्यावर कणांच्या साखळ्या झाल्या आणि त्या दिशेने वाहकता ३०० टक्क्यांपर्यंत वाढली. चुंबक काढला की साखळ्या मोडतात. चालू-बंद करता येणारा शीतक म्हणून ही कल्पना अजूनही मोलाची आहे.

मात्र साखळ्या झाल्या की द्रव दाट होतो, आणि नॅनोफ्लुइडच्या कहाणीत दाटपणा हा फार दुर्लक्षलेला विषय आहे. कण टाकल्यावर द्रव घट्ट होतोच, आणि गुठळ्या झाल्या तर कितीतरी जास्त. मग त्याला ढकलायला पंपाला जास्त वीज लागते. अनेक निबंधांत साधे पाणी आणि नॅनोफ्लुइड यांची तुलना रेनॉल्ड्स क्रमांक, म्हणजे प्रवाहाचा जोर आणि दाटपणा यांचे गुणोत्तर, सारखा ठेवून केलेली असते. ही पद्धत दिसायला शास्त्रशुद्ध, पण इथे ती फसवी ठरते. दाट द्रवाचा रेनॉल्ड्स क्रमांक पाण्याइतका आणायचा तर त्याला जास्त वेगाने सोडावे लागते. वेग वाढला की उष्णता आपसूकच जास्त निघते, आणि श्रेय मिळते ते कणांना. खरी तुलना व्हायला हवी ती पंपाची वीज सारखी ठेवून. तशी ती केली की कित्येक मोठे दावे गळून पडतात.

विशिष्ट उष्णतेचीही गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पाण्याचा मोठा गुण म्हणजे ते थोडे तापूनही भरपूर उष्णता पोटात घेते. ऑक्साइडचे कण याबाबत फार मागे आहेत. चार टक्के अॅल्युमिना टाकल्यावर किलोमागे ही क्षमता सुमारे दहाव्या हिश्शाने घटते. द्रव जड झाल्यामुळे लिटरमागचा हिशेब जवळपास पूर्वीइतकाच राहतो, म्हणजे इथे काही कमाई होत नाही. नॅनोफ्लुइड भिंतीवरून उष्णता उचलायला थोडा सरस, वाहून न्यायला पाण्याइतकाच आणि ढकलायला जड. म्हणूनच तो कुठे वापरावा याचा विचार नेमका करावा लागतो. बारीक चरींमध्ये, जिथे प्रवाह संथ आणि सरळ असतो, तिथे वाहकतेतली वाढ थेट उपयोगी पडते. उसळत्या प्रवाहात तिचा प्रभाव कमी होतो.

या विषयातला मराठी मुलखातला ठळक प्रयोग तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) भाभा अणुसंशोधन केंद्रात झाला, आणि तो पंप नसलेल्या फेऱ्यावर होता. द्रव खाली तापतो, हलका होऊन वर चढतो, वर निवतो आणि जड होऊन पुन्हा खाली येतो. हे नैसर्गिक अभिसरण अणुभट्टीच्या सुरक्षिततेसाठी फार महत्त्वाचे आहे, कारण वीज गेली तरी ते थांबत नाही. अडचण अशी की काही परिस्थितीत हा प्रवाह डचमळू लागतो, कधी जोरात, कधी मंद, तर कधी उलट्या दिशेने. ए. के. नायक, एम. आर. गार्टिया आणि पी. के. विजयन यांनी चौकोनी फेऱ्यातल्या पाण्यात ४० ते ८० नॅनोमीटरचे अॅल्युमिनाचे कण वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत घालून पाहिले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार प्रवाह वाढला आणि डचमळणेही आटोक्यात आले. किती वाढला आणि किती शमला, हे कणांच्या प्रमाणावर अवलंबून होते.

अणुभट्टी आणि मोबाइल टॉवर यांच्या आकारात जमीन-अस्मानाचे अंतर असले तरी तत्त्व सारखेच आहे. टॉवरच्या खोक्यात, सौर इन्व्हर्टरमध्ये किंवा रेल्वेच्या सिग्नलिंगच्या कपाटात पंप लावणे म्हणजे बिघडायला आणखी एक वस्तू जोडणे. तिथे पंपाविना फिरणारा द्रव हवा असतो. तुर्भ्याचा धडा इथे कामी येऊ शकतो. वाहकतेच्या आकड्यांवरून वाद घालण्यापेक्षा प्रत्यक्ष फेऱ्यात प्रवाह कसा वागतो हे त्यांनी पाहिले, म्हणून तो प्रयोग अजूनही भरवशाचा वाटतो.

उकळत्या द्रवाची गोष्ट आणखी वेगळी आहे. पाणी उकळताना तापलेल्या पृष्ठभागावर बुडबुडे येतात आणि भरपूर उष्णता घेऊन जातात. उष्णता एका मर्यादेपलीकडे गेली की बुडबुडे एकमेकांत मिसळून वाफेची सलग चादर होते. पाणी पृष्ठभागाला शिवेनासे होते आणि चिप क्षणात जळते. २००३ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टन शाखेतल्या संशोधकांना आढळले की लिटरमागे ग्रॅमच्या विसाव्या भागाएवढा अॅल्युमिना टाकला तरी ही मर्यादा सुमारे दोनशे टक्क्यांनी वर जाते. इतक्या थोड्या कणांनी वाहकता मोजण्याइतकीही बदलत नाही. मग हे घडले कसे? उकळताना कण पृष्ठभागावर बसत जातात आणि तिथे सच्छिद्र, पाणी धरून ठेवणारा थर तयार होतो. जो थर चरी तुंबवतो म्हणून नको वाटतो, तोच इथे चिप वाचवतो. निष्कर्ष असा निघाला की द्रवात कण ठेवण्याऐवजी पृष्ठभागच तसा खरखरीत करावा, आणि संशोधनाची एक शाखा त्या वाटेने गेली.

नॅनोफ्लुइड बनवताना पाहिला की त्याची खरी अडचण हाताशी येते. अॅल्युमिनाची पांढरी पूड इतकी हलकी की वजनकाट्याजवळ पंखा चालू ठेवता येत नाही. ती ऊर्ध्वपातित पाण्यात टाकून चुंबकी ढवळणीवर ठेवतात आणि मग त्यात सोनिकेटरची दांडी बुडवतात. कानाला टोचणारी किरकिर सुरू होते आणि अल्ट्रासाउंडच्या धक्क्यांनी पुडीच्या गुठळ्या फुटत जातात. बीकर तापतो, म्हणून तो बर्फात धरावा लागतो. तासा-दोन तासांनी एकसारखा पांढुरका द्रव तयार होतो. त्यातला थोडा काचेच्या बाटलीत ओतून फळीवर ठेवतात. दुसऱ्या दिवशी वरच्या बाजूला पाणी नितळ दिसू लागले तर कण परत एकत्र आले असे समजायचे.

त्यांना वेगळे ठेवायला विद्युतभाराची मदत घेतात. कणांवर सारखाच भार असला की ते एकमेकांना लोटतात. झीटा पोटेन्शियल नावाचे हे माप तीस मिलिव्होल्टच्या वर असेल तर द्रव टिकाऊ मानतात. अॅल्युमिनासाठी ते साधायला द्रव आम्ल ठेवावा लागतो, पीएच चार-पाचच्या आसपास. आणि इथेच प्रयोगशाळा व कारखाना यांची फारकत होते, कारण असा आम्ल द्रव तांब्या-अॅल्युमिनियमच्या कोल्ड प्लेटला (चिपवर बसणाऱ्या पट्टीला) खातो. त्याऐवजी साबणासारखी रसायने घातली तर साठ-सत्तर अंशांच्या पुढे ती दम सोडतात, फेसही करतात. इलेक्ट्रॉनिक्सचा द्रव तर याच तापमानात दिवसरात्र फिरायचा असतो. वाहकता किती वाढली हा प्रश्न त्यामुळे दुय्यम ठरतो. द्रव पाच वर्षे मिसळलेला राहील का, बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर चरी मोकळ्या राहतील का, हे आधी विचारायला हवे. संगणकाच्या शौकिनांनी रंगीत, चमचमणाऱ्या कणांचे शीतक वापरून याचा अनुभव घेतला आहे. काही महिन्यांत कण वळणावळणावर साचतात आणि सगळा फेरा उघडून धुवावा लागतो.

तेलाच्या बाबतीत एक अनपेक्षित फायदा समोर आला. १९९८ मध्ये एबीबी कंपनीत सेगल आणि सहकाऱ्यांनी ट्रान्सफॉर्मरच्या तेलात मॅग्नेटाइटचे नॅनोकण मिसळून पाहिले. विजेची ठिणगी अडवणे हे तेलाचे पहिले काम. त्यात वाहक कण टाकले तर ते बिघडेल अशी कुणाचीही समजूत होईल, पण विजेच्या आघातासमोर तेलाची सहनशक्ती वाढलेली आढळली. नंतर एमआयटीत याचे कारण मांडले गेले. ठिणगी पसरवणारे चपळ इलेक्ट्रॉन या कणांना चिकटतात आणि सुस्तावतात, त्यामुळे ठिणगीची वाट अडते. एकच तेल गार जास्त ठेवते आणि विजेलाही जास्त रोखते, हे कल्याण शेडसारख्या ठिकाणी हवेहवेसे वाटणारच. तरीही शेडची रीत पाहिली पाहिजे. तिथे तेलाची बीडीव्ही चाचणी (किती व्होल्टला ठिणगी पडते याची) होते आणि ते फिल्टर मशिनमधून काढतात, म्हणजे त्यातला कचरा आणि ओल निघून जाते. मुद्दाम घातलेले कण आणि नको असलेला कचरा यांतला फरक त्या यंत्राला कळणार कसा? तेल बदलले तर देखभालीची सगळी पद्धत बदलावी लागेल.

आणि निकामी झालेल्या द्रवाचे काय करायचे? डोंबिवलीकरांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. जानेवारी २०१४ मध्ये इथे हिरवट पाऊस पडला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. नाल्यातून उल्हास नदीत काय जाते याची चर्चा इथे वर्षानुवर्षे चालू आहे. तांब्याचे किंवा चांदीचे नॅनोकण जलचरांना अपायकारक असतात. ते इतके बारीक की साध्या गाळणीत अडकत नाहीत. अॅल्युमिना किंवा सिलिका त्या मानाने सौम्य, पण कोरडी पूड हाताळणाऱ्या कामगाराच्या फुफ्फुसात ती जाऊ नये याची काळजी घ्यावीच लागते. शीतकाचा फेरा बंद असतो हे खरे. तो कधीतरी मात्र उघडावा लागतो, आणि त्या वेळी पिंपात गोळा होणारा द्रव कुठे जाणार हे खरेदीच्या करारातच लिहिलेले हवे.

सध्या या क्षेत्राला घाई आहे. चिप तापतच चालल्या आहेत आणि यंत्रे बुडवून ठेवण्यासाठी वापरले जाणारे काही फ्लोरिनयुक्त द्रव बाजारातून जात आहेत. फ्लोरिनर्ट बनवणाऱ्या ३एम कंपनीने अशा ‘कायम टिकणाऱ्या’ रसायनांचे उत्पादन २०२५ अखेर थांबवण्याचे डिसेंबर २०२२ मध्येच जाहीर केले होते. त्यांची जागा खनिज आणि कृत्रिम तेले घेत आहेत, आणि तेलाची वाहकता तर पाण्याच्या पाचव्या हिश्शाहून थोडीच जास्त. अमेरिकेच्या राइस विद्यापीठात पुलिकेल अजयन यांच्या गटाने २०१२ मध्ये तेलात बोरॉन नायट्राइडचे अतिपातळ पापुद्रे मिसळून दाखवले. हा पदार्थ उष्णता सहज नेतो आणि वीज अजिबात नेत नाही. चपटा असल्यामुळे गोल कणापेक्षा थोड्या प्रमाणात जास्त काम करतो. डेटा सेंटरच्या हौदासाठी आणि रेल्वेच्या कन्व्हर्टरसाठी आशा असलीच तर ती या जातीच्या द्रवांकडून जास्त आहे.

ती खरी की खोटी हे ठरवायला फार महागडी प्रयोगशाळा लागत नाही. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला रेल्वेच्या किंवा डेटा सेंटरवाल्यांच्या मदतीने हे सहज जमेल. एकाच मापाच्या दोन कोल्ड प्लेट घ्यायच्या, एकीत साधा पाणी-ग्लायकॉल आणि दुसरीत नॅनोफ्लुइड. दोन्हींना सारखी उष्णता द्यायची आणि दोन्ही पंपांना सारखीच वीज. हजारो तास चालवायचे, मध्ये मुद्दाम दोन-दोन दिवस बंद ठेवायचे. मे महिन्याच्या उकाड्यात आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तापमानाची नोंद ठेवायची. वर्षाअखेर दोन्ही प्लेट मधोमध कापून चरींत किती थर बसला ते मोजायचे, आणि निकाल कसाही आला तरी तो आकड्यांसह छापायचा.